फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरतो तेव्हा: जनुकांच्या नव्या संशोधनातून नंदुरबारच्या रुग्णाला आज काय मिळते?

फुप्फुसाचा कॅन्सर पुढे मेंदूत जाईल की नाही, हे आता आधीच ओळखता येणार, अशा अर्थाच्या बातम्या गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही मोबाइलवर वाचल्या असतील. घरात कुणाला हा आजार असेल तर अशी बातमी वाचून झोप लागत नाही. मग दुसऱ्या दिवशी मुलगा किंवा सून फाइल घेऊन येते आणि विचारते, "डॉक्टर, ती जनुकांची टेस्ट आमच्या बाबांची करायची का? खर्चाचं बघू."

या प्रश्नाचे उत्तर 'हो' आणि 'नाही' असे दोन्ही आहे. कारण 'जनुकांची टेस्ट' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. त्यातली एक तपासणी आज करायलाच हवी, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात नेमकी तीच राहून जाते. दुसरी अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. तिच्यासाठी जमीन गहाण टाकू नका.

बदल वेगळा, अभिव्यक्ती वेगळी

आपल्या शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनएचे तेच पुस्तक असते. त्वचेच्या पेशीत तेच, मेंदूच्या पेशीतही तेच. मग त्वचा आणि मेंदू इतके वेगळे का? कारण प्रत्येक पेशी त्या पुस्तकातली ठरावीक पानेच उघडते. कोणते पान किती वेळा वाचले जाते, म्हणजे कोणते जनुक किती जोरात काम करते, याला 'जनुकांची अभिव्यक्ती' म्हणतात. ती मोजायची तर पेशीतला आरएनए मोजावा लागतो.

'जनुकातील बदल', म्हणजे म्यूटेशन, ही निराळी गोष्ट. तिथे पुस्तकातच छपाईची चूक झालेली असते. एखादे अक्षर बदलते, एखादी ओळ गळते, दोन पाने चुकीची जोडली जातात. ईजीएफआर आणि एएलके ही नावे तुमच्या रिपोर्टवर दिसली असतील, ती अशा चुकांची आहेत. या चुकांवर गोळ्या उपलब्ध आहेत. मात्र मेंदूत पसरण्याच्या अभिव्यक्तीचा नमुना पाहून द्यायची गोळी आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही.

कॅन्सर मेंदूतच का जातो, हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कॅन्सरने दगावलेल्या शेकडो स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि म्हटले की कॅन्सरची पेशी बीसारखी असते. ती रक्ताबरोबर सगळीकडे जाते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते. नंदुरबारच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको. तापीकाठच्या काळ्या जमिनीत मिरचीचे जे बियाणे तरारते, तेच सातपुड्याच्या उतारावर लावून बघा. शंभर-सव्वाशे वर्षे ही नुसती उपमा होती. आता ते बी नव्या जमिनीत जाऊन नेमके काय करते, हे जनुकांच्या पातळीवर दिसू लागले आहे.

संशोधनात काय सापडले

मेंदू ही कॅन्सरसाठी सोपी जमीन नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक घट्ट अडसर असतो, तो ओलांडून आत आलेल्या बहुतेक कर्कपेशी तिथे मरतात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातील जोआन मासागे यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी या आगंतुकांना मारणारे एक रसायन तयार करतात. जगतात त्या मोजक्या कर्कपेशी. त्यांची काही जनुके जोरात चालू होतात, त्या रसायनाला निकामी करणारी प्रथिने बनवतात आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना चिकटून वाढतात. २०१६ मध्ये त्याच गटाने पुढचा भाग मांडला: या पेशी मेंदूच्या पेशींशी थेट जोडणी करतात आणि त्यांच्याकडून मदत मिळवतात. शेजाऱ्याच्या भिंतीला भगदाड पाडून त्याच्याच विजेवर दिवा लावावा, तसे.

मग माणसांच्या गाठी तपासल्या गेल्या. २०१५ मध्ये अमेरिकेत ८६ रुग्णांच्या मूळ गाठी आणि मेंदूतल्या गाठी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यात फुप्फुसाबरोबर इतर अवयवांचे कॅन्सरही होते. निम्म्याहून थोड्या जास्त, ५३ टक्के रुग्णांत मेंदूतल्या गाठीत उपचाराच्या दृष्टीने उपयोगी ठरू शकेल असा बदल सापडला, जो मूळ गाठीच्या नमुन्यात नव्हता. २०२० मध्ये फक्त फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा अभ्यास झाला. मेंदूत पसरलेल्या ७३ रुग्णांच्या गाठींत एमवायसी, वायएपी१ आणि एमएमपी१३ या जनुकांच्या जादा प्रती वारंवार आढळल्या. जादा प्रती म्हणजे तेच पान दहादा छापलेले. साहजिकच ते जास्त वाचले जाते. आणि २०२५ मध्ये एकेक पेशी सुटी करून तिची अभिव्यक्ती पाहणारा अभ्यास आला. मेंदूत गेलेल्या फुप्फुसाच्या कर्कपेशींत काही पेशी मज्जापेशींसारखी जनुके चालवताना दिसल्या. ज्या गावात राहायला गेले, तिथली बोली उचलली.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते, ती लक्षात ठेवा. मेंदूतली गाठ ही फुप्फुसातल्या गाठीची हुबेहूब नक्कल नसते. म्हणून गोळीने छाती साफ होते आणि डोक्यातली गाठ मात्र वाढते, असे कधी कधी घडते. रुग्णाने पथ्य मोडले म्हणून ते होत नाही, आणि घरच्यांचे काही चुकले म्हणूनही नाही.

ज्या बातमीने सर्वात जास्त आशा लावली ती २०२४ ची. अमेरिकेतील संशोधकांनी फुप्फुसाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील १५८ रुग्णांच्या बायोप्सीच्या काचपट्ट्या कॉम्प्युटरला शिकवल्या. पुढे कुणाच्या मेंदूत आजार जाईल, हे त्याने ८७ टक्के अचूक सांगितले. त्याच पट्ट्या पाहून अनुभवी पॅथॉलॉजिस्टना ५७ टक्केच जमले. गंमत म्हणजे ही जनुकांची टेस्ट नव्हतीच, नेहमीच्या रंगवलेल्या पट्ट्या होत्या. निकाल चांगला आहे, पण तो प्रत्यक्षात तपासला गेला जेमतेम ४० रुग्णांवर. एवढ्यावर कुणाच्या आईचा उपचार ठरवता येत नाही. 'मेंदूत जाण्याचा धोका सांगणारी टेस्ट' म्हणून कुणी पॅकेज विकत असेल तर एकच प्रश्न विचारा: रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर पैसे खिशात ठेवा.

करायलाच हवी ती तपासणी

फुप्फुसाचा कॅन्सर 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' प्रकारचा असेल आणि पसरलेला असेल, तर पहिल्या उपचाराआधी ईजीएफआर, एएलके आणि शक्य असल्यास त्याबरोबरची इतर जनुके तपासायला हवीत. (स्मॉल सेल प्रकारात या तपासणीचा सहसा उपयोग नाही, तिथे मेंदूचा एमआरआय जास्त महत्त्वाचा.) 'हा पाश्चात्य देशांचा आजार, आपल्याकडे कुठे सापडतो तो बदल?' असे अजूनही ऐकू येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने भारतीय वंशाच्या ९०७ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्येच प्रसिद्ध केला. त्यात २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचा बदल होता, म्हणजे साधारण चौघांत एक. स्त्रियांमध्ये त्याहून जास्त.

ही शेवटची ओळ धडगाव-अक्कलकुव्याच्या बायकांसाठी महत्त्वाची आहे. ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही, पण पन्नास वर्षे चुलीपुढे बसून भाकरी केली, त्यांच्या छातीतल्या गाठीला 'कॅन्सर कसा असेल, ही तर व्यसन करत नाही' म्हणून बाजूला ठेवले जाते. घरातल्या लाकूडफाट्याच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'बहुधा कर्ककारक' या गटात ठेवले आहे. आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या कॅन्सरमध्येच गोळी लागू पडणारे बदल जास्त सापडतात. म्हणजे जिची तपासणी टाळली जाते, तिलाच तिचा फायदा होण्याची शक्यता अधिक.

मेंदूचा इथे थेट संबंध आहे. ईजीएफआर किंवा एएलकेचा बदल असलेला आजार मेंदूत जास्त जातो; आजाराच्या वाटचालीत कधी ना कधी अशा रुग्णांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांच्या मेंदूत गाठी दिसतात. पण याच रुग्णांसाठी मेंदूचा अडसर ओलांडणाऱ्या गोळ्याही आहेत. ईजीएफआरसाठी ऑसिमर्टिनिब, एएलकेसाठी अलेक्टिनिब आणि लॉर्लाटिनिब. २०२४ मध्ये लॉर्लाटिनिबच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निकाल आले, तेव्हा ९२ टक्के रुग्णांच्या मेंदूत आजार वाढलेला नव्हता. दहा वर्षांपूर्वी आम्ही असा आकडा कुणाला सांगितला असता तर लोक हसले असते. मेंदूतल्या गाठी लहान असतील, त्रास देत नसतील आणि असा बदल सापडला असेल, तर काही रुग्णांत डोक्याला शेक देण्याआधी गोळीवर थांबून बघता येते. तपासणीच केली नसेल तर हा विचार करण्याची संधीच जाते.

एक सावधगिरी. रिपोर्ट यायच्या आत इम्युनोथेरपीचे इंजेक्शन सुरू करण्याची घाई नको. नंतर ईजीएफआर निघाला आणि ऑसिमर्टिनिब द्यावी लागली तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. रुग्ण थांबण्याच्या स्थितीत नसेल तर डॉक्टर तोवर केमो सुरू करू शकतात.

नंदुरबारहून ही वाट कशी दिसते

१९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. १६ लाखांवर लोकसंख्या, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी समाज. काही वर्षांपूर्वी इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठी गोष्ट. तरी कॅन्सरचे नाव निघाले की माणसे नवापूरवरून सुरतची गाडी धरतात, नाहीतर नाशिक किंवा थेट मुंबई.

पहिला वेळ जातो तो टीबीत. खोकला, वजन घटणे, एक्स-रेवर डाग, हे सगळे दोन्ही आजारांत सारखे. थुंकीत जंतू सापडला असेल तर टीबीचे औषध पूर्ण घ्या, त्यात तडजोड नाही. पण थुंकीची मशीनवरची तपासणीही निगेटिव्ह आली, केवळ फोटोवरून औषध सुरू झाले, आणि दोन महिन्यांत ना वजन वाढले ना डाग कमी झाला, तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा विषय तुम्ही स्वतः काढा. मी पाहिलेल्या रुग्णांपैकी कित्येकांच्या फाइलमध्ये पहिली सहा पाने टीबीच्या गोळ्यांची असतात.

दुसरा घोळ बायोप्सीच्या तुकड्याचा. सुईने काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. तो फॉर्मेलिनमध्येच ठेवायला हवा. सलाइनच्या बाटलीत किंवा कितीतरी दिवस तसाच पडून राहिला तर आतले डीएनए-आरएनए खराब होतात. आरएनए तर दुधासारखा, लवकर नासतो. (अभिव्यक्तीच्या तपासण्या मोठ्या शहरांबाहेर सहज न पोहोचण्याचे हेही एक कारण.) नंतर हा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. हा ब्लॉक तुमचा आहे. रिपोर्टच्या कागदाबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, पावती ठेवा, आणि सुरत-मुंबईला जाताना सोबत न्या, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नव्हे. ब्लॉक नसला की पुन्हा सुई, पुन्हा भरती, पुन्हा तीन आठवडे.

ब्लॉकमध्ये पुरेसा नमुना उरला नसेल तर रक्तातून जनुके तपासता येतात. मात्र आजार मुख्यतः मेंदूत असेल तर गाठीचा डीएनए रक्तात फार कमी उतरतो. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे बदल नाहीच, असे समजू नका.

आता पैसे. केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिबवरचे आयात शुल्क काढले, मग जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अलेक्टिनिबवरचा जीएसटी शून्य आहे. निर्णय चांगले आहेत, पण हिशेब करून बघा. औषधाची मूळ किंमत लाख रुपये असेल तर जीएसटीत वाचले सात हजार. उरलेल्या जवळपास ९४ टक्क्यांच्या भाराखाली मजुरी करणारे घर तसेच चिरडते. मला स्वतःला नंदुरबारसाठी याहून मोठी बातमी टाटा मेमोरियलच्या २०२० मधल्या एका अभ्यासाची वाटते. ईजीएफआर असलेल्या ३५० रुग्णांत त्यांनी जेफिटिनिब ही जुनी, आता स्वस्तात मिळणारी गोळी एकटी दिली, आणि दुसऱ्या गटात तिच्याबरोबर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो. एकट्या गोळीने आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, केमोसह १६ महिने. आयुष्यही वाढले. त्रासही वाढला: गंभीर दुष्परिणाम चौघांत एकाऐवजी जवळपास दोघांना झाले. मेंदूत पोहोचण्यात जेफिटिनिब ऑसिमर्टिनिबच्या मागेच आहे, हेही सांगायला हवे. पण 'महागडी गोळी परवडत नाही, म्हणजे काहीच नाही' या वाक्याला हा अभ्यास हे चोख उत्तर आहे. आणि ही केमो दर तीन आठवड्यांनी दिवसभरात देऊन घरी जाता येते.

म्हणून २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रांची घोषणा (तीन वर्षांत सर्व जिल्हे, पहिल्या वर्षी २००) आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेले, १८ रुग्णालयांत तीन स्तरांवर कॅन्सर उपचार देण्याचे 'महाकेअर' धोरण, या दोन्हींकडे मी जनुकांच्या बातमीपेक्षा जास्त लक्ष ठेवून आहे. पहिली केमो मुंबईत आणि पुढच्या नंदुरबारला, असे झाले तर धडगावच्या कुटुंबाची मजुरी बुडायची थांबेल. तुमच्या जिल्हा रुग्णालयात आज कोणती सोय सुरू आहे, ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. घोषणा आणि खाट यांत अंतर असते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दोन प्रश्न स्पष्ट विचारा: शेक आणि केमो पॅकेजमध्ये बसते का, आणि जनुक तपासणीचा व गोळ्यांचा खर्च कोण देणार? आयुष्मान कार्ड असेल तर ते गुजरातमधल्या पॅनेलवरच्या रुग्णालयातही चालते, सुरतला जाणाऱ्यांनी ते घरी विसरू नये. सामाजिक कार्यकर्त्याच्या खिडकीवर कंपन्यांच्या मदत योजनांबद्दलही विचारा. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचे मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मागता येते. मुंबईची एक फेरी वाचली तरी पुष्कळ.

डोक्याची लक्षणे

पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दहापैकी दोन-तीन रुग्णांच्या मेंदूत निदानाच्या वेळीच गाठी असतात, आणि सुरुवातीला त्या गप्प असू शकतात. म्हणून त्रास नसला तरी एकदा मेंदूचा एमआरआय करून घ्या. सीटीवर लहान गाठी निसटतात.

पहाटे उठल्यावर जास्त होणारी डोकेदुखी, मळमळ नसताना एकदम उलटी, चालताना एका बाजूला झोल जाणे, हातातून पेला निसटणे, शब्द न सापडणे, स्वभावात बदल, आणि पहिल्यांदाच आलेली फीट. कॅन्सरच्या रुग्णात यापैकी काही दिसले तर 'वारं गेलं', 'बाहेरचं काहीतरी' म्हणून दोन दिवस घालवू नका. घरच्या देवाचे जे करायचे ते करा, पण गाडी आधी रुग्णालयाकडे वळवा. फीट येत असेल तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा चप्पल घालू नका. एकदा फीट येऊन गेल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत मोटारसायकल चालवू द्यायची नाही, विहिरीवर एकट्याला पाठवायचे नाही.

सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन देतात. दोन दिवसांत रुग्ण उठून बसतो, जेवतो, आणि घरच्यांना वाटते आजार गेला. गाठ तिथेच असते. ही गोळी मनाने बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. आणि साखर तपासत राहा.

शेवटी एक प्रश्न, जो बहुतेक वेळा दाराजवळ थांबून, रुग्णाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारला जातो: "जनुकांचा आजार आहे म्हणता, मग मुलांना होईल का?" ईजीएफआर किंवा एएलकेचा हा बदल जवळपास नेहमीच त्या गाठीच्या पेशींत आयुष्यात कधीतरी घडलेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. मुलांच्या जनुकांची तपासणी करायची गरज नाही. त्यांच्यापैकी कुणी विडी ओढत असेल तर ती सोडवा, आणि घरात अजून चूल असेल तर ती उघड्या ओट्यावर न्या.